पंचवीस गाळण्या, एक पाहुणी

माझ्या हातून झालेला एक मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि त्याचं बोलावणं मी इंग्रजीत लिहून जिन्याखालच्या फळ्यावर चार टाचण्यांनी टोचलं होतं. पाणी किती वाजता येणार आणि गच्चीवरची टाकी कधी धुणार, या दोन सूचनांच्या बरोबर मधे.

हसा. मीही हसते. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, “आजी, त्यात काय एवढं? आम्ही ग्रुपवर टाकतोच की.” तिला काय सांगायचं! त्या कागदापायी मी चंद्रकळा नेसून, अंगावर हलव्याचे दागिने घालून, अडीच तास एकटी बसले होते. माझ्याकडे त्या दिवशी न बोलावता आल्या त्या फक्त मुंग्या.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वाशीत तेव्हा इमारती आधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, माणसं मागाहून यायची होती. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा घरं, त्यातली नऊ बंद. लोकांनी ताबा घेतलेला, पण राहायला कुणी आलेलं नाही. खाडीच्या खाऱ्या हवेनं त्या कुलपांना गंज चढला होता. जिन्यातून जाताना मी एखाद्या कुलपाला हात लावून बघायची, उगाच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीकाठचं दलदलीचं खाजण दिसायचं, त्याच्या पलीकडे मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, आणि त्याहून पलीकडे पुलावरून जाणाऱ्या लाल बसगाड्या. त्यातलीच एक सकाळी सातला आमच्या ह्यांना फोर्टातल्या ऑफिसात घेऊन जायची आणि संध्याकाळी साडेसातला परत आणून सोडायची. मधले साडेबारा तास माझे.

माहेरी, मिरजेला, आम्ही अकरा माणसं होतो. तिथे एकांत म्हणजे न्हाणीघर, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी कडी वाजवायचं. आता ह्या कोऱ्या, डिस्टेंपरचा वास येणाऱ्या दोन खोल्यांत मी कुकरशी बोलू लागले होते. “झाल्या तीन, आता गप,” असं मी त्याला म्हणे आणि तो गप बसे. माझं ऐकणारं घरात तेवढं एकच होतं. दिवसाआड जवळच्या गावातून एक भाजीवाली मावशी पाटी घेऊन यायची. तिचा आवाज जिन्यात आला की मी दार आधीच उघडून ठेवायची.

“काय गो पोरी, आज पन येकटीच हाय?” ती पाटी उतरवत विचारायची.

“हे ऑफिसला जातात ना मावशी.”

“त्ये ठाव हाय मना. बाकीचं मानूस कुठं हाय?”

बाकीचं माणूस! तिच्या दृष्टीनं घरात दोनच माणसं असणं हे काहीतरी अर्धवट होतं. मी मेथी निवडायच्या निमित्तानं तिला दहा मिनिटं बसवून ठेवायची. गरज नसताना माठही घ्यायची. ह्यांनी त्या हिवाळ्यात इतका माठ खाल्ला की विचारू नका.

बिल्डिंगमधल्या बायकांशी बोलायचं तर माझी एक अडचण होती, आणि ती म्हणजे मी. मी बी.ए. होते, इंग्रजी घेऊन, सेकंड क्लास. ‘सेकंड क्लास’ म्हणताना मी ‘क्लास’वर जोर देत असे. ह्यांनी फोर्टातल्या फुटपाथवरून इंग्रजी संभाषणाचं एक जाड पुस्तक आणून दिलं होतं. दुपारभर मी आरशापुढे उभी राहून त्यातली वाक्यं म्हणायची. ‘हाउ डू यू डू,’ मी विचारायची. आरशातली बाईही तेच विचारायची. उत्तर दोघींनाही येत नव्हतं.

त्या पुस्तकात आमंत्रणांच्या पानावर ‘द मोअर द मेरिअर’ भेटलं. पुढे मराठीत अर्थ दिला होता, ‘अधिकस्य अधिकं फलम्’. मराठीत अर्थ म्हणून संस्कृत! पण मी त्या चार शब्दांच्या प्रेमात पडले. क्रियापद नाही, कर्ता नाही, नुसता झोका. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कणीक मळताना मी ते म्हणत असे.

डिसेंबरअखेर सासूबाईंचं पत्र आलं. कुणाच्या तरी हाती त्यांनी हलव्याचे दागिने पाठवले होते, बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून. हार, बाजूबंद, बांगड्या, कानातली फुलं. एकेका दाण्याला काटा असा की बघत राहावं. पत्रात लिहिलं होतं, “पहिला सण आहे. मला येणं जमत नाही. तू करंडा घेऊन घरोघर जा, कुंकू लावून बोलावणं करून ये. चार बायका ओळखीच्या होतील.”

मी ह्यांना म्हटलं, “घरोघर? मी काय निवडणुकीला उभी आहे?”

“आई सांगते तर जाऊन ये ना,” हे म्हणाले.

“अहो, इथे सगळ्या प्रकारचे लोक आहेत. एक मल्याळी आहेत, एक सिंधी आहेत. त्यांना इंग्रजीच बरं पडेल. मी व्यवस्थित नोटीस लावते.”

ते व्यवस्थित वगैरे सगळं खोटं होतं. खरं आता, या वयात, सांगायला हरकत नाही. मला दारं ठोठावायची भीती वाटत होती. कुणी दार उघडलंच नाही तर? उघडून नुसतं “काय?” म्हटलं तर? कागदाला कुणी “काय?” विचारत नाही. म्हणून मी ड्रॉइंग पेपर आणून, वळणदार अक्षरात, वर ‘हळदीकुंकू’, खाली ‘ऑल लेडीज आर कॉर्डियली इन्व्हायटेड’, वेळ, घरनंबर, आणि शेवटी लाल शाईनं ‘द मोअर द मेरिअर’ असं लिहिलं. दोन दिवस मी पाणी भरायला जाता-येता तो कागद वाचत होते. माझ्याशिवाय तिथे थांबून कुणी वाचताना मला दिसलं नाही, पण ती शंका मी मनात येऊ दिली नाही.

वाण म्हणून पंचवीस गाळण्या आणल्या होत्या, चहाच्या, प्लॅस्टिकच्या दांडीच्या. सातच घरांत माणसं राहत होती, तर पंचवीस कशाला? द मोअर द मेरिअर.

चारला मी सतरंजी अंथरून बसले. अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगुळाचं ताट, हळदीकुंकवाचा चांदीचा करंडा. साडेचार झाले. पाच झाले. जिन्यात पावलं वाजली की मी उठून उभी राहायची आणि पावलं पुढे निघून गेली की बसायची. सव्वापाचला मला मानेशी काहीतरी चावलं. हाराच्या खालच्या पदरावर मुंग्यांची रांग लागली होती. बाजूबंदावर दुसरी रांग. मी एकेक झटकत होते, पण हलव्याचे दागिने झटकायचेही कसे, दाणे गळतात. सहा वाजता मी स्वतःलाच गुलाबपाणी शिंपडून घेतलं.

साडेसहाला बेल वाजली.

दारात चौथ्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांच्याशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. कुठल्याशा शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, हातात कायम वर्तमानपत्राची गुंडाळी. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. राखाडी काठाचं पांढरं पातळ, कपाळ मोकळं. नवरा जाऊन फार वर्षं झाली होती म्हणे. त्यांच्या हातात माझा कागद होता, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं.

“हा तुझा का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“ऑल लेडीज लिहिलंयस. म्हटलं, बघावं.”

करंडा माझ्या उजव्या हातात होता. बेल वाजल्याबरोबर मी तो उचलूनच दाराशी धावले होते. आणि तो हात माझ्या पाठीमागे गेला. मी नेला असं मला आजही म्हणवत नाही. पण दुसऱ्या कुणी नेला नव्हता. लहानपणापासून जे पाहिलं ते त्या हाताला पाठ होतं. अडीच तास ज्या एका माणसाची मी वाट बघत होते ते माणूस दारात उभं, आणि मी ‘या’सुद्धा म्हटलं नाही.

बाईंनी माझ्या खांद्याकडे पाहिलं, खांद्यापासून खाली हात कुठे गेलाय तिकडे पाहिलं. मग जरा पुढे वाकून माझ्या हारावरची एक मुंगी दोन बोटांनी अलगद उचलली.

“मुंग्या लागल्यात तुला,” त्या म्हणाल्या. “मी अक्षर कुणाचं ते बघायला आले होते. अक्षर छान आहे.”

आणि वळून जिना चढू लागल्या. कागद त्यांच्याच हातात राहिला. आमच्या दुसऱ्या मजल्यावरून तिसरा, चौथा; मग त्यांच्या कडीचा आवाज आला. बिल्डिंग इतकी रिकामी होती की सगळं ऐकू यायचं.

हे साडेसातला आले. सतरंजीवरची गाळण्यांची चळत बघून म्हणाले, “किती जणी आल्या?”

“एक.”

“म्हणजे चोवीस उरल्या.”

“पंचवीस.”

त्यांनी बोटांवर हिशेब जुळवून पाहिला. मग मला ट्यूबलाइटखाली उभं करून त्यांनी माझ्या पाठीवरच्या मुंग्या काढल्या. आम्ही दोघांनी रात्री जेवायला तिळगूळच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत माझ्या पुढे समोरच्या वहिनी होत्या. रत्नागिरीकडच्या, लग्नानंतर परळला राहिलेल्या, आणि आता आमच्या दारासमोर दार. तोवर आमचं बोलणं ‘पाणी आलं का’ एवढंच.

“काय हो,” मीच फणकाऱ्यानं म्हटलं, “काल आला नाहीत?”

“कुठे?”

“माझ्याकडे. हळदीकुंकू होतं ना.”

“बोलावलंत कुठे तुमी?”

“फळ्यावर लावलं होतं की!”

वहिनी वळल्या. दुधाच्या बाटल्यांची जाळी त्यांनी ह्या हातातून त्या हातात घेतली. “फळ्यावर पाण्याची वेळ लावतात हो. कुंकू काय नळाला येतं?”

मागच्या बाया हसल्या. मीही हसायला हवं होतं. मी रडकुंडीला आले. ते बघून वहिनींचा आवाज उतरला. “आमी तिघी माझ्याकडे बसलो होतो काल. नटूनथटून. पहिल्या मजल्यावरच्या दोघींना मीच बोलावून घेतलं. म्हटलं, नवी पोरगी आहे, आता हाक मारील, मग हाक मारील. बोलावणं नसताना कसं यायचं? सात वाजता गजरे काढून ठेवले.”

म्हणजे माझ्या दारापासून चार पावलांवर तीन बायका गजरे माळून बसल्या होत्या, आणि इकडे मी मुंग्या वेचत होते. मधे दोन दारं.

“रथसप्तमीला अवकाश आहे अजून,” वहिनी म्हणाल्या. “परत करा. हाक मारा म्हणजे झालं.”

झालं! इतकं सोपं होतं. त्या तिघींना हाक मारायची, मल्याळी आणि सिंधी बायकांना हाक मारायची, घर भरलं असतं. चौथ्या मजल्यावर गेले नसते तरी कुणी मला बोल लावला नसता, उलट रीत तीच होती. पण भरलेल्या घराची कल्पना करायला लागले की मला दाराशी वाकून मुंगी उचलणारी ती दोन बोटं दिसायची. त्या एकाच माणसानं माझा कागद पुरता वाचला होता. ते माणूस मी घालवलं होतं. तीन दिवस मी एक गाळणी पदराखाली घेऊन जिन्यात जायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गंजक्या कुलपापर्यंत जाऊन परत यायची. चौथ्या दिवशी दुपारी बेल दाबली.

बाईंच्या घरात एकच खुर्ची होती. एकट्या माणसाच्या घरात दुसरी कशाला? ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पुस्तकांच्या ट्रंकेवर बसल्या. टेबलावर माझा कागद होता. शेवटच्या ओळीतल्या दोन्ही ‘द’खाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारलेली.

“बाई, त्या दिवशी मी—”

“आधी हे बघ. हा ‘द’ काय आहे?”

“उपपद,” मी म्हटलं. बी.ए., सेकंड क्लास.

“उपपद कशाच्या आधी येतं?”

“नामाच्या.”

“मग ‘मेरिअर’ नाम आहे?”

पुस्तकात हे नव्हतं.

“आम्हीही शाळेत सांगत नाही हे,” बाई म्हणाल्या. “परीक्षेला येत नाही ना. हा तो ‘द’ नाहीच. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्रजीलाही विभक्त्या होत्या, आपल्यासारख्या. ‘तो’चं ‘त्यानं’, ‘त्याला’, असं सगळं चालायचं. त्यातली ही तृतीया. ‘त्यानं’. ‘तितक्यानं’. उच्चार ‘थी’ आणि ‘थू’ यांच्या मधला कुठला तरी. पुढे विभक्त्या झिजल्या, आणि हा शब्द झिजत झिजत दिसायला अगदी उपपदासारखा झाला. तेव्हापासून तो त्या गर्दीत राहतोय. सगळ्यांना वाटतं, त्यांच्यातलाच.”

“म्हणजे जितक्यानं जास्त, तितक्यानं मजा?”

“शाबास. आपलं ‘जितकं-तितकं’ अजून धडधाकट आहे म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणताना आपण ‘जितक्या’ खाऊनसुद्धा टाकतो, कुणाचं अडत नाही. त्यांचं बिचाऱ्यांचं एवढंच उरलंय. इथे, ‘द सूनर द बेटर’मध्ये, ‘ऑल द बेटर’मध्ये. आणि ‘नेव्हरदलेस’च्या पोटात.” त्यांनी बोटानं टेबलावर तीन तुकडे पाडून दाखवले. “नेव्हर, द, लेस. म्हणजे, त्यानं काही कमी होत नाही.”

हे म्हणताना त्या खिडकीबाहेर मिठागराकडे बघत होत्या. मला तेव्हा ते व्याकरणच वाटलं.

“बाई, मी चुकले,” मी शेवटी म्हटलं. “त्या दिवशी तुम्हाला ‘या’ म्हणायला हवं होतं.”

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. “हे बघ, ह्या वाक्याला दोन पाय आहेत. एक उचललास तर दुसरा टाकावा लागतो. तुझ्याकडे त्या दिवशी किती जणी होत्या?”

“कुणीच नव्हतं.”

“मग मी आले. शून्यावर एक. मोअर झालं की नाही?”

“झालं.”

“तेवढं मी केलं. मेरिअर तुझ्याकडे होतं.”

मी खुर्चीतच रडले. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. आत जाऊन चहा टाकला. माझ्या कपात अर्ध्याहून अधिक चहाची पत्ती तरंगत होती, मी ती ओठांनी अडवत प्यायले. त्यांच्या कपातही तेच. त्या सवयीनं पीत होत्या.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं, रोज दुपारी, मी चौथ्या मजल्यावर जात होते. आधी एकटी, मग पोटुशी, मग काखेत मुलगी घेऊन. इंग्रजी बोलायला मी त्यांच्याकडे शिकले नाही, त्यांना बोलण्यात रस नव्हता. शब्द उकलून दाखवण्यात होता. ‘मेरिएस्ट’मधला ‘एस्ट’ हा आपल्या ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’मधल्या ‘इष्ठ’चा सख्खा भाऊ, आणि ‘मेरिअर’मधला ‘अर’ म्हणजे ‘गरीयसी’, ‘श्रेयस’ यांतल्या ‘ईयस’चा, हे ऐकलं त्या दिवशी मी जिना धावत उतरले होते, कुणाला तरी सांगायला. खाली कुणी नव्हतं. कुकरला सांगितलं.

आणि एकदा त्या म्हणाल्या, मराठीनं तरतमभावाचं हे सगळं टाकून दिलं. आपला ‘मोठा’ कधी ‘मोठ्यातर’ होत नाही. आपल्याला ‘पेक्षा’ लागतं, म्हणजे शेजारी दुसरं कुणीतरी उभं करावं लागतं. एकट्या माणसाला मराठीत नुसतं मोठं किंवा लहान असता येतं, जास्त किंवा कमी असता येत नाही.

पुढे बिल्डिंग भरली. गंजकी कुलपं एकेक करून हातोडीनं तोडावी लागली. कांदा-बटाट्याचा बाजार आला, शाळा आल्या, जिन्यात चपलांची गर्दी झाली. भाजीवाली मावशी यायची बंद झाली. तिच्या पोरांनी गावात चाळ बांधून खोल्या भाड्यानं दिल्या म्हणे. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी बाईंचे गुडघे गेले. त्यांची पुण्याची भाची येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना खुर्ची मला दिली. सोळाच्या सोळा घरांत माणसं होती तेव्हा, पण दुपारी अडीच वाजता मी पायऱ्या चढायला उठायची आणि पुन्हा बसायची. माणसं वाढली म्हणून तेवढ्यानं एकटेपण कमी होतं असं नाही. हे वाक्य इंग्रजीत कसं करायचं ते विचारायला कुणी नव्हतं.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर जानेवारीत सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण येतं, फुलंबिलं काढलेलं, ‘ऑल लेडीज वेलकम’. मी जाते. मोकळ्या कपाळानं, चांगली इस्त्रीची साडी नेसून, सगळ्यात आधी जाऊन बसते, आणि करंडा घेतलेल्या पोरी माझ्यापाशी आल्या की त्यांचा हात कुठे जातो ते बघत राहते. खोडी, दुसरं काय. बहुतेकींचा जागच्या जागी थबकतो. एखादीचा मागे जातो. तिच्या हारावर मुंगी असेल तर मी काढते.

पण मी तुम्हाला त्या दुपारी चौथ्या मजल्यावर सोडून आले. चहा संपला होता. पदराखालची गाळणी मी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “बाई, रथसप्तमीला परत करतेय हळदीकुंकू. तुम्ही यायचं.”

“कोण कोण आहेत?”

“समोरच्या वहिनी. पहिल्या मजल्यावरच्या दोघी. मल्याळी बाई, सिंधी बाई. सगळ्यांकडे जाऊन हाक मारणार आहे. पहिली तुम्हाला मारतेय.”

“आणि मला बघून त्या उठून गेल्या तर?”

मी विचार केला. खरं म्हणजे तो विचार मी चारही दिवस जिन्यात केला होता. “तर मग आपण दोघीच,” मी म्हटलं. “त्या दिवशीच्यापेक्षा एक जास्त.”

बाईंनी गाळणी उचलली, उजेडात धरून तिची जाळी पाहिली, आणि परत माझ्या हातात दिली. मला वाटलं, संपलं. मी उठले. दारापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या आणि म्हणाल्या:

“ही गाळणी खाली घेऊन जा. वाण घरी आणून द्यायचं नसतं, ते येऊन घ्यायचं असतं. येते मी रथसप्तमीला. मला कुंकू लावू नकोस, पण करंडा पाठीमागेही नेऊ नकोस, समोर असू दे. आणि त्या दिवशी चहा तू कर. माझ्या गाळणीची जाळी फाटलीय, दिवाळीपासून पत्ती खातेय मी.”